गोल आपोआप होत नसतात, संपादक महोदय

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारचा, म्हणजे ६ जुलैचा अंक वाचला. आषाढीचं पान सुरेख होतं, हे आधीच सांगते. नाहीतर बाई नुसती भांडायला आलीय असं वाटायचं. उपासाच्या पदार्थांना अर्धं पान, तेही ठीक. क्रीडापानावर शुभमन गिलच्या १६१ धावा वरच्या अर्ध्यात, त्याखाली बंगळुरूत नीरज चोप्राने मारलेला भाला. आणि सगळ्यात तळाला, ‘संक्षिप्त’मध्ये, कॅरमच्या निकालांच्याही खाली चार ओळी. भारतीय महिला फुटबॉल संघाने थायलंडला २-१ असे हरवून आशियाई चषकासाठी पात्रता मिळवली. बस्स.

दोन गोल झाले, हे कळलं. कोणी केले? त्या चार ओळींत एकाही खेळाडूचं नाव नाही. थायलंडचं नाव आहे, आशियाई चषकाचं आहे, चिआंग माई गावाचंही आहे. गोल काय झाडावरून पडले?

तुमच्या वार्ताहराचा वेळ वाचावा म्हणून मीच सांगते. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. पहिला पूर्वार्धात, लांबून मारलेला. मध्यंतरानंतर दोन-तीन मिनिटांतच थायलंडने बरोबरी केली. प्रेक्षक त्यांचे, मैदान त्यांचं. आता काही खरं नाही असं मला तरी वाटलं. सामना आमच्या टीव्हीवर काही सापडला नाही. भाचीने मोबाइलवर लावून दिला आणि मी तो साखरेच्या डब्याला टेकवून पोळ्या लाटत पाहिला. ७४व्या मिनिटाला संगीताने दुसरा गोल केला तेव्हा तव्यावरच्या पोळीचं काय झालं ते विचारू नका.

आता हा विजय केवढा, हे क्रीडापान लावणाऱ्याला खरंच माहीत नसेल का? थायलंडचा संघ २०१५ आणि २०१९ असे दोन विश्वचषक खेळलेला. आपण त्यांना याआधी कधीच हरवलं नव्हतं. १९८३ मध्ये आशियाई चषकाची अंतिम फेरी गमावली तीही त्यांच्याचकडून. शनिवारी दोन्ही संघांचे गुण सारखे, गोलफरकसुद्धा सारखा, आणि गटातून जाणार फक्त एक. म्हणजे जो जिंकेल तो आशियाई चषकासाठी ऑस्ट्रेलियाला, दुसरा घरी. त्याआधी याच मुलींनी मंगोलियाला १३-०, तिमोर-लेस्तेला ४-० आणि इराकला ५-० असं धुतलं होतं. मंगोलियाविरुद्ध ओडिशाच्या प्यारी खाखाचे एकटीचे पाच गोल. त्या दिवशी तर तुमच्याकडे ‘संक्षिप्त’मध्येही जागा नव्हती.

आणि पात्रता फेरी खेळून आशियाई चषकात जाण्याची ही पहिलीच वेळ. २००३ मध्ये खेळलो तेव्हा पात्रता फेरीतून जावं लागलं नव्हतं. २०२२ मध्ये यजमान होतो, म्हणून जागा आयती मिळाली. तेव्हा नवी मुंबईत काय झालं ते आठवत असेलच. इराणशी ०-० बरोबरी, मग संघात कोरोना शिरला, तैवानविरुद्ध उतरवायला तेरा खेळाडूही उरले नाहीत आणि घरच्याच स्पर्धेतून बाहेर! तेव्हा मात्र तुम्ही मोठी बातमी केली होतीत, फोटोसकट. रडणाऱ्या मुलींना जागा मिळते, जिंकणाऱ्यांना कॅरमच्या खालची.

एवढं चिडायचं कारण सांगते. मी बडोद्याच्या एका मराठी शाळेत खेळाची शिक्षिका होते. निवृत्तीच्या थोडं आधी मुलींचा फुटबॉल संघ तयार केला. जर्सी मुलांच्या, मागच्या वर्षीच्या. एकीच्या पाठीवर तर दुसऱ्याच शाळेचं नाव होतं, ते आम्ही आतून कापड लावून झाकलं. शहरातल्या एका स्पर्धेत या पोरी अंतिम फेरीत गेल्या. त्याच मैदानावर मुलांच्या क्रिकेटचा बक्षीस समारंभ होता आणि पाहुण्यांना पुढे लग्नाला जायचं होतं. म्हणून आमचा सामना दहा-दहा मिनिटांचा केला. त्यातही आमच्या एका मुलीने गोल मारला आणि आम्ही जिंकलो.

पदकं गळ्यात पडली. रांगेतल्या सगळ्यात लहान मुलीने आपलं उलटसुलट करून पाहिलं आणि मला म्हणाली, “बाई, हा बॅट घेऊन का उभा आहे?” बघते तर खरंच. पितळी रंगाचा फलंदाज, पुढचा पाय टाकून कव्हर ड्राइव्ह मारतोय, आणि त्याच्या पायाखाली ‘क्रिकेट’ या अक्षरांवर चिकटपट्टीचा कागद, त्यावर बॉलपेनने ‘फुटबॉल’. घामाने कागद सुटत होता. मी संयोजकांकडे गेले. ते गोड हसून म्हणाले, “बेन, चालशे ने!” बडोद्यात या दोन शब्दांपुढे कोणाचंच काही चालत नाही.

तेही गिळलं असतं. पण दोन दिवसांनी एका स्थानिक वर्तमानपत्रात फोटो आला. पुढच्या रांगेत खुर्च्यांवर मान्यवर, मागे उभ्या मुली, निम्म्यांचे चेहरे मान्यवरांच्या डोक्याआड. खाली मजकूर: ‘विजेत्या संघासमवेत डावीकडून’, आणि मग सगळ्या मान्यवरांची नावं, पदांसकट. मुलींपैकी एकीचंही नाव नाही. गोल मारणाऱ्या मुलीच्या आजोबांनी सकाळी स्टॉलवर जाऊन अंकांचा गठ्ठाच आणला होता, नातेवाइकांना वाटायला. त्यांनी मला रस्त्यात थांबवून विचारलं, “बाई, हिचं नाव कुठे आहे यात? मला चष्म्यातून दिसत नाहीये.” काय सांगणार? पुढच्या वर्षी ती मुलगी खेळायला आली नाही. दहावी होती म्हणे. असेलही.

म्हणून कालच्या चार ओळी वाचून डोकं फिरलं.

क्रिकेटशी माझं वैर नाही. विजय हजाऱ्यांच्या गावात राहून ते परवडणारही नाही. कोटंबीच्या नव्या मैदानावर गेल्या डिसेंबरात भारत-वेस्ट इंडीज महिलांचे एकदिवसीय सामने झाले, फेब्रुवारीत महिला प्रीमियर लीग इथेच सुरू झाली, तेव्हा आमच्या गल्लीतल्या बायका डबे बांधून गेल्या होत्या. तुम्हीही छान छापलंत, स्मृती मानधनाचा फोटो तर कापून ठेवण्यासारखा होता. म्हणजे बायकांचा खेळ छापता येतो, वाचक वाचतात, हे तुम्हाला माहीत आहे. मग फुटबॉल खेळणाऱ्या मुलींनी काय घोडं मारलंय? आणि कृपा करून “वाचकांना रस नसतो” असं उत्तर देऊ नका. नाव-गाव काही न देता चार ओळी छापल्या तर वारीच्या बातमीतही कोणाला रस वाटायचा नाही.

जाता जाता आणखी एक. बडोद्यातल्या मराठी शाळांच्या रिकाम्या होत चाललेल्या वर्गांबद्दलचं माझं मागचं पत्र तुम्ही छापलंत, आभार. पण त्यातला मुख्य परिच्छेद गाळलात आणि सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये मुलींचंही प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेवढंच ठेवलंत. त्यामुळे पत्र म्हणजे जयंतीचं भाषण वाटलं. लोक मला भेटून “छान लिहिलंत हो” म्हणाले आणि शाळेबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

तर या वेळी कापायचं असेल तर पदकाची गोष्ट कापा, पोळीची कापा, माझं नावही छापू नका. पण संगीता बासफोर, प्यारी खाखा, मनीषा कल्याण, गोलरक्षक पंथोई चानू, कर्णधार स्वीटी देवी आणि प्रशिक्षक क्रिस्पिन छेत्री ही नावं तेवढी जाऊ द्या. मुख्य स्पर्धा मार्च २०२६ मध्ये सिडनी, पर्थ आणि गोल्ड कोस्टला आहे, आणि पहिल्या सहांत आलो तर थेट २०२७चा विश्वचषक. ऑस्ट्रेलियाची घड्याळं आपल्या पुढे आहेत. तिथले संध्याकाळचे सामने आपल्याकडे रात्र व्हायच्या आत संपलेले असतील. तेव्हा “अंक छापायला गेला होता” ही सबब सांगायची सोय नाही.

आपली,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका
दांडिया बाजार, बडोदे
७ जुलै २०२५