स्ट्रेटनरने कर्ल करताना केस जाळू नका

मा. संपादक,

तुळशीची लग्ने लागली की लग्नसराई आणि शाळांची स्नेहसंमेलने एकदमच सुरू होतात आणि घरोघरी कपाटातला स्ट्रेटनर बाहेर निघतो. केस सरळ करायच्या या मशीनने भरगच्च कर्लही करता येतात, त्यासाठी वेगळे टाँग (कर्ल करायचे गोल दांड्याचे मशीन) घ्यायची गरज नाही. मात्र मोबाइलवरच्या अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओत कर्ल गार होऊ देण्याचा वेळ कापलेला असतो. त्यामुळे कर्ल सुटला की मुली तापमान थेट २३० अंशांवर नेतात आणि त्याच बटेवर तीन-चारदा मशीन फिरवतात. केस जळतात, कर्ल तरीही टिकत नाही.

उष्णतेने केसातल्या केराटिन या प्रथिनाचे, आकार धरून ठेवणारे हायड्रोजन बंध सुटतात आणि केस गार होताना ज्या आकारात असतील त्याच आकारात पुन्हा जुळतात. म्हणून मशीनमधून सुटलेली गरम बट तळहातावर गुंडाळायची, डोक्याशी नेऊन चाप लावायचा आणि दहा-पंधरा मिनिटे तिला हात लावायचा नाही. लगेच विंचरले तर केस सरळ होऊनच गार होतात. मग स्प्रेची अख्खी बाटली संपवली तरी उपयोग नाही.

तापमान केस पाहून ठरवावे. नाजूक किंवा रंगवलेल्या केसांना १५० ते १६० अंश सेल्सिअस, मध्यम केसांना १७० ते १८०, जाड केसांना १९०. घरी २०० च्या वर जायचे कारणच नाही. आकडा न दाखवणारे, नुसते चालू-बंद बटण असलेले मशीन घेऊ नये, मग ते कितीही स्वस्त असो. प्लेट अडीच सेंटिमीटर रुंदीची आणि कडा गोलसर हव्यात. चार-पाच सेंटिमीटरच्या रुंद प्लेटने नुसता बाक येतो, वळण येत नाही.

केस आदल्या दिवशी धुवावेत, कंडिशनर मुळांना लावू नये. बोअरच्या जड पाण्याने केसांवर क्षार राहतात. ज्यांच्याकडे असे पाणी आहे त्यांनी शेवटचा तांब्या तरी नळाच्या पाण्याचा घ्यावा. तेल अजिबात नको. तेलकट केसांत वळण धरत नाही आणि प्लेटवर जळून थर बसतो. केस वाळले की नाही हे मानेजवळ बोटे घालून पाहावे, तिथे गार लागले तर ओल आहे. ओल्या केसावर तापलेली प्लेट लागली की आतल्या पाण्याची वाफ होते, केसाच्या आतच बुडबुडे तयार होतात आणि केस तिथूनच तुटतो. चर्र असा आवाज आला तर तिथेच थांबा. केसांना उष्णतेपासून जपणारे हीट प्रोटेक्टंटही लावल्यावर पूर्ण वाळू द्यावे.

आता मुख्य काम. अडीच सेंटिमीटर रुंदीची बट घ्या. मुळापासून चार बोटे सोडून मशीन लावा आणि अर्धा वळसा चेहऱ्यापासून बाहेरच्या बाजूला द्या, म्हणजे बट मशीनच्या पाठीवरून वळून खाली लोंबेल. तसेच धरून मशीन शेंड्यापर्यंत न थांबता आणा. कमरेपर्यंतच्या केसांना एका बटेला आठ-दहा सेकंद लागतात. सावकाश आणले तर वळण घट्ट येते, भरभर आणले तर सैल. दाबून धरले किंवा मध्येच थांबलात तर आडवी घडी पडते आणि ती भिजवल्याशिवाय जात नाही. एका बटेवर एकदाच फिरवा.

कर्ल भरगच्च दिसायला एवढे पुरत नाही. माथ्यावरच्या बटा सरळ वर उचलून मशीन आडवे धरावे, म्हणजे केस मुळाशी उभे राहतात. खालच्या थरांना उभे धरले तरी चालते. शेजारशेजारच्या बटा उलटसुलट दिशेने वळवाव्यात, नाहीतर त्या एकमेकींत मिसळून एकच जाड लड होते. चेहऱ्याजवळच्या दोन्ही बाजूंच्या बटा मात्र बाहेरच. सगळे गार झाल्यावर मान खाली घालून नुसत्या बोटांनी मोकळे करावे. पफ हवा असेल तर वरच्या थराखाली मुळाशी तीन-चारदा उलटे विंचरावे. स्मूदनिंग केलेल्या, म्हणजे रसायन लावून सरळ करून घेतलेल्या केसांत वळण फार वेळ राहत नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

लग्नघरात दोन गोष्टी हटकून विसरतात. गजरा पाणी मारून, ओल्या फडक्यात ठेवलेला असतो. तो झटकून, पुसून मगच माळावा, कारण पाण्यानेही तेच बंध सुटतात आणि गजऱ्याखालचा कर्ल आधी उतरतो. दुसरे म्हणजे हेअर स्प्रे पेट घेणारा असतो. तो गार केसांवरच मारावा आणि वाळेपर्यंत औक्षणाचे निरांजन किंवा गॅस जवळ नको.

स्नेहसंमेलनासाठी लहान मुलींच्या केसांना मशीन लावूच नये, ही आमची कळकळीची विनंती. त्यांचे केस बारीक असतात, त्या स्थिर बसत नाहीत आणि कानाला, मानेला चटका बसतो. रात्री किंचित दमट केसांच्या सहा-सात घट्ट वेण्या घालून झोपवा. सकाळी वेणी पूर्ण वाळली आहे याची खात्री करूनच सोडा, आत ओल राहिली तर नाच सुरू व्हायच्या आत केस सरळ झालेले असतात.

– ब्यूटी पार्लर व्यावसायिक महिला, विश्रामबाग, सांगली