भाषा बदलली, पण तेरीज जुळेना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘तुमची जुनी संगणक प्रणाली महिन्याभरात नव्या प्रोग्रामिंग भाषेत आणून देतो, एआय आहे ना,’ असे आश्वासन हल्ली पतसंस्थांच्या संचालक मंडळांना सर्रास दिले जाते. मोठ्यांनाही हीच घाई आहे. अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटी (सामाजिक सुरक्षा) खात्याची कोबॉल या जुन्या भाषेतली अवाढव्य प्रणाली काही महिन्यांत दुसऱ्या भाषेत नेण्याचा बेत असल्याच्या बातम्या मार्च २०२५ मध्ये आल्या होत्या. आपल्याकडची चर्चा मात्र दोनच प्रश्नांत अडकते: कोणती भाषा वेगवान, आणि कोणती शिकली की नोकरी लागेल. जुनी भाषा गुपचूप जे सांभाळत होती ते नवी सांभाळणार का, हा खरा पैशाचा प्रश्न. तो कोणी विचारत नाही.

आपल्याकडे नेहमी दिसणारे उदाहरण फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस-भाषेचे. मायक्रोसॉफ्टने त्याचा विस्तारित आधारही जानेवारी २०१५ मध्ये थांबवला, तरी कित्येक छोट्या संस्थांची खतावणी अजून तिच्या डीबीएफ (तक्त्यांच्या) फाइलींतच आहे. तिथून जावा किंवा पायथनकडे जाताना पहिला खड्डा खोडलेल्या नोंदींचा. फॉक्सप्रोमध्ये ‘डिलीट’ म्हटले की नोंद जात नाही; तिच्या सुरुवातीच्या बाइटमध्ये फक्त एक तारा (*) पडतो. ‘पॅक’ आज्ञा दिल्यावरच ती फाइलीतून निघते. रोजच्या वापरात ‘सेट डिलीटेड ऑन’ असल्यामुळे काउंटरवरच्या कारकुनाला ती कधी दिसत नाही. नव्या भाषेत फाइल वाचणाऱ्याने तो तारा तपासला नाही, तर पंधरा वर्षांपूर्वी बंद झालेली खाती पुन्हा जिवंत होतात आणि सभासदसंख्या रातोरात फुगते. ‘आमच्या जुन्या नोंदी चुकीच्या होत्या’ असा निष्कर्ष काढून संस्था मोकळी होते, आणि दोष बिचाऱ्या जुन्या लेखापालावर जातो!

दुसरा खड्डा बरोबरीच्या चिन्हाचा. फॉक्सप्रोमध्ये ‘सेट एक्झॅक्ट’ बंद असेल (मुळात ते बंदच असते) तर उजव्या बाजूचा मजकूर संपेपर्यंतच तुलना होते. म्हणजे नाव ‘पाट’शी ताडून पाहिले तर पाटील, पाटणकर, पाटसकर सगळे जुळतात. अनेक शोध आणि अहवाल या सवलतीवर उभे आहेत आणि ते लिहिणाऱ्यालाही त्याची जाणीव नव्हती. तीच ओळ जावात जशीच्या तशी उतरवली की एकही पाटील सापडत नाही. भाषांतर करणाऱ्या यंत्राला ओळ बरोबरच दिसते, कारण ती ओळ बरोबरच आहे. बदलला आहे तो तिच्यामागचा रिवाज.

आता पैशाकडे येऊ. ₹१,५०१ वर अडीच टक्के व्याज म्हणजे ₹३७.५२५. अर्धा पैसा वर ढकलायचा रिवाज असेल तर ३७.५३. कोबॉलमध्ये ‘राउंडेड’ हा शब्द लिहायचा राहिला असेल तर पुढचा अंक सरळ कापला जातो, ३७.५२. पायथनचे डेसिमल (नेमक्या दशांश संख्यांचा प्रकार) काही सांगितले नाही तर अर्ध्याला जवळच्या सम अंकाकडे नेते, म्हणजे इथेही ३७.५२. वाटेल, कोबॉल आणि पायथन जुळले. मग ₹१,५०३ घ्या: ३७.५७५. आता कोबॉल ३७.५७ म्हणते आणि पायथन ३७.५८. आणि कोणी साधा फ्लोट (अपूर्णांक अंदाजे साठवणारा प्रकार) वापरला असेल तर बोलायलाच नको, कारण ३७.५२५ ही संख्या संगणकाच्या द्विमान (० आणि १ च्या) पद्धतीत नेमकी साठवताच येत नाही; वर जाणार की खाली हे त्या सूक्ष्म उरलेल्या भागावर ठरते. जावात पैशासाठी बिगडेसिमल हा नेमक्या दशांशांचा प्रकार वापरावा हे पुस्तकात शिकवतात, पण त्यात दहाला तीनने भागताना किती दशांश ठेवायचे ते सांगितले नाही तर उत्तर येत नाही, प्रोग्रामच चूक फेकून थांबतो. चाचणीत सगळे आकडे शंभराच्या पटीत असल्यामुळे हे कळत नाही; कळते ते ३१ मार्चच्या रात्री.

एका पैशाने कोणी गरीब होत नाही, हे मान्य. पण हजारो खात्यांवर कधी वर, कधी खाली गेलेले पैसे व्याजाच्या खात्यात जमा झाले की तेरीज पत्रक (सगळ्या खात्यांच्या जमा-नावे बाकींचा ताळा) जुळत नाही. मग कोणी तरी ‘फरक खाते’ उघडून त्यात तो फरक ढकलतो. तिथून पुढे खरी अफरातफर झाली तरी ती त्याच खात्यात बेमालूम मिसळते, ही माझ्या मते सगळ्यात वाईट गोष्ट.

तारखांचे म्हणाल तर तीन ठिकाणी हमखास घात होतो. जन्मवर्ष जिथे दोनच आकड्यांत टाइप होऊन पडले आहे तिथे ‘५०’ हे पायथनच्या लेखी २०५०, आणि जावातल्या तारीख वाचणाऱ्या जुन्या सिंपलडेटफॉरमॅटच्या लेखी १९५०, कारण ते आजपासून ऐंशी वर्षे मागे आणि वीस वर्षे पुढे एवढ्या खिडकीत वर्ष बसवते. ज्येष्ठ नागरिकांचा जादा व्याजदर या एका आकड्यावर अवलंबून असतो. जावास्क्रिप्टमध्ये महिने शून्यापासून मोजले जातात, त्यामुळे १ म्हणजे फेब्रुवारी. आणि भारतीय वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे असल्यामुळे १५ ऑगस्टची मध्यरात्र यूटीसीवर चालणाऱ्या सर्व्हरवर १४ ऑगस्ट संध्याकाळी साडेसहा म्हणून साठते. तिथून नुसती तारीख उचलली की जन्मतारीख एक दिवस मागे. आधार कार्डाशी ती जुळत नाही आणि सभासदाला हेलपाटे पडतात.

मराठीचे दुखणे स्वतंत्र आहे आणि ते परदेशी पाठ्यपुस्तकांत सापडणार नाही. ‘महाराष्ट्र’ या शब्दात किती अक्षरे? आपण चार म्हणू. पायथन आणि जावा दहा म्हणतात, कारण काना आणि पायमोडका हलन्तही ते वेगळे मोजतात. गो आणि रस्ट या भाषा लांबी विचारल्यावर तीस सांगतात, कारण त्या यूटीएफ-८ या साठवण पद्धतीतले बाइट मोजतात आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे. म्हणून नावासाठी तीस बाइटांचा रकाना ठेवला तर ‘ज्ञानेश्वर’ लिहूनच तो भरतो, आडनावाला जागा उरत नाही. मधेच कापावे तर गोमध्ये शेवटी मोडके चौकोन उमटतात. रस्टमध्ये चिन्हाच्या मध्यावर कापल्यास प्रोग्रामच बंद पडतो. मला विचाराल तर रस्टचे वागणे बरे, निदान चूक लपत तरी नाही.

जुना मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टांत असेल तर आणखी मजा. तिथे ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवलेली असते, दिसते तशी. युनिकोडमध्ये ती नंतर येते. रूपांतर करणारा प्रोग्राम वेलांटी एकच चिन्ह ओलांडून नेतो आणि जोडाक्षर मधेच फुटते. ‘स्थिती’चे ‘सि्थती’ झालेले आपण सगळ्यांनी सरकारी संकेतस्थळांवर पाहिले आहे, ते यामुळे. ‘ॲड.’ तर दोन तऱ्हांनी लिहिता येते: सबंध ॲ हे एकच चिन्ह, किंवा अ वर वेगळा चंद्र. पडद्यावर फरक दिसत नाही, पण संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात, आणि युनिकोडचे नेहमीचे सामान्यीकरणही (एकच अक्षर लिहिण्याच्या वेगळ्या तऱ्हा एकरूप करण्याची रीत) त्यांना एक करत नाही. त्यासाठी स्वतःची बदलयादी लिहावी लागते. याद्यांचा क्रमही बदलतो: निव्वळ चिन्हक्रमाने लावल्यास क्षीरसागर ‘क’मध्ये जाऊन बसतात, तर मराठी वर्णमालेत क्ष, ज्ञ शेवटी. नावांच्या छापील यादीत शोधताना लोक मराठी क्रमानेच बोट फिरवतात.

याचा अर्थ भाषा बदलूच नये असा नाही. ज्यांना ते जमले त्यांनी काय केले ते पाहावे. टाइपस्क्रिप्ट या आपल्या भाषेचा कंपायलर (कोड तपासून रूपांतर करणारा प्रोग्राम) गो भाषेत नेत असल्याचे मायक्रोसॉफ्टने मार्च २०२५ मध्ये जाहीर केले. त्यांनी नव्याने रचना केली नाही. जुन्या कोडशी बांधणी सर्वात जवळची जुळते म्हणून गो निवडली आणि एकेक फंक्शन जसेच्या तसे उतरवले. व्हीएस कोड या त्यांच्याच कोड-संपादकाच्या सुमारे १५ लाख ओळी तपासायला ७७.८ सेकंद लागत, ते ७.५ वर आले. अँड्रॉइडवर गूगलने जुने सी आणि सी++ फेकून दिले नाही, फक्त नवे लिहिताना रस्टसारख्या भाषांकडे वळले. त्यातल्या संगणकाच्या मेमरीशी निगडित सुरक्षा-त्रुटींचा वाटा २०१९ मधल्या ७६ टक्क्यांवरून २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आला. उलट ब्रिटनच्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये एका शनिवार-रविवारात सगळे हलवले. सुमारे १९ लाख ग्राहक खात्याबाहेर अडकले आणि पुढे ४.८६५ कोटी पौंडांचा दंड झाला. भाषा सुरक्षित असली म्हणून माणसाची चूक थांबत नाही, हेही १८ नोव्हेंबर २०२५ ला दिसले: असंख्य संकेतस्थळांची वाहतूक सांभाळणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीच्या रस्टमधल्या भागात २०० वैशिष्ट्यांची (फीचर्सची) मर्यादा होती, फाइलीत त्याहून जास्त आले, आणि ती चूक हाताळण्याऐवजी ‘अनरॅप’ (चूक येणारच नाही असे गृहीत धरणारी आज्ञा) लिहिले असल्याने कित्येक संकेतस्थळे लंगडी झाली.

म्हणून संस्थांनी निविदेत भाषेचे नाव एका ओळीत आटोपावे आणि उरलेली जागा ताळ्यासाठी ठेवावी. मागच्या वर्षीची खरी कीर्द जुन्या आणि नव्या दोन्ही प्रणालींतून चालवून प्रत्येक खात्याची शिल्लक पैसा-पैसा ताडणे. निदान एक तिमाही आणि एक ३१ मार्च दोन्ही प्रणाली समांतर चालवणे. त्या काळात एकही नवी सोय मागायची नाही, कारण मग फरक भाषेमुळे पडला की सोयीमुळे, हे कळायला मार्ग राहत नाही. एकेक विभाग हलवावा: आधी सभासद नोंदणी, मग ठेवी, व्याज आकारणी सगळ्यात शेवटी. लीप वर्षाची तारीख म्हणून २९ फेब्रुवारी २०२८ आजच टाकून पाहावी. एआयला जुना कोड वाचून त्यातले नियम साध्या मराठीत लिहून काढायला सांगावे आणि ते निवृत्त लेखापालाला दाखवावेत. या कामात ते खरोखर उपयोगी आहे. कोड लिहून देईल, पण राउंडिंग कोणते हे त्याला आपणच सांगायला हवे.

आणि हे सगळे सुरू करण्याआधी एक तपासावे: संस्थेकडे पीआरजी फाइली (फॉक्सप्रोचा मूळ कोड) आहेत का, की नुसती ईएक्सई (चालवायची तयार फाइल). पुष्कळ ठिकाणी मूळ कोड लिहून देणाऱ्याबरोबरच गेलेला असतो. तो जुना संगणक भंगारात द्यायच्या आधी त्याच्या हार्ड डिस्कची पूर्ण प्रत काढून ठेवावी, ‘पॅक’ न करता.

– एक संगणक अभियंता, पुणे