आधी व्होल्ट मोजा : ताईंना आभारपत्र

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

कोकणात मृग बरसला की लाइट जाणार, हे पंचांगात छापायचं तेवढं बाकी आहे. कुठे आंब्याची फांदी तारेवर येते, कुठे इन्सुलेटर फुटतो, कुठे नुसताच डीओ (खांबावरचा फ्यूज) उडतो. मग वाडीवाडीतून तुमच्याकडे तोच प्रश्न येतो : "इन्व्हर्टर दहा मिनिटांत बोंब मारून बंद पडतो, बॅटरी गेली का?" दुकानातलं उत्तर ठरलेलं असतं, नवीन घ्या. तुम्ही उत्तर देतच नाही, उलट विचारता : "पंखे चालू ठेवून बॅटरीच्या शिशाच्या खांबावर (टर्मिनलवर) किती व्होल्ट येतात? आणि वायरच्या लगवर, म्हणजे टोकाच्या धातूच्या कडीवर, किती?" हे पत्र मुख्यतः त्या प्रश्नासाठी आहे. बाकीचे आभार ओघाने येतीलच.

तो प्रश्न इतका मोलाचा का, हे तुम्ही ज्या हिशेबाने पटवलंत तो इथे जसाच्या तसा मांडतो, म्हणजे नव्याने विचारणाऱ्यालाही उपयोगी पडेल. घरात ४०० वॅटचा लोड चालू आहे असं धरा. इन्व्हर्टरची स्वतःची तूट धरली तर बॅटरीतून साधारण ५०० वॅट निघतात. १२ व्होल्टवर म्हणजे ४२ अँपिअरच्या आसपास. भिंतीवरच्या २३० व्होल्टच्या वायरीत एवढाच लोड दोन अँपिअरही घेत नाही, म्हणून तिथला किरकोळ ढिला जोड खपून जातो. बॅटरीवर तो खपत नाही. लग आणि खांब यांच्यामध्ये पांढरी-हिरवी बुरशी साचली आणि तिथे ०.०४ ओहमचा अडथळा तयार झाला, तर ४२ अँपिअरला तिथेच पावणेदोन व्होल्ट गळतात. बॅटरी १२.१ देत असते, इन्व्हर्टरला पोचतात १०.४. बहुतेक इन्व्हर्टर साडेदहाच्या आसपास बॅटरी संपली असं समजून बंद होतात. बॅटरी ठणठणीत, आणि निकाल मात्र 'बॅटरी गेली'. शिवाय त्या जोडावर सत्तर वॅट उष्णता तयार होते, एका मोठ्या सोल्डरिंग आयर्नएवढी. वायरचं प्लॅस्टिक लगपाशी तपकिरी पडलेलं दिसतं ते त्यामुळेच.

म्हणून मल्टिमीटरची टोकं वायरच्या बोल्टवर न टेकवता एक टोक थेट शिशावर आणि दुसरं लगच्या तांब्यावर टेकवायचं, तेही लोड चालू असताना. मग मीटर सरळ गळतीच दाखवतो. ०.१ व्होल्टच्या वर काही दिसलं तर आधी जोड साफ करायचा, बाकीची चर्चा नंतर. लोड बंद ठेवून मोजलं तर करंटच नसतो, त्यामुळे गळती शून्य दिसते आणि सगळं छान असल्याचा भास होतो. ही अट तुम्ही प्रत्येक वेळी आठवणीने सांगता आणि तीच प्रत्येक वेळी विसरली जाते. तरी तुमचा आवाज कधी चढत नाही, याचेही आभार.

साफसफाईची तुमची पद्धत आता आमच्याकडे पाठ झाली आहे. इन्व्हर्टर बंद, त्याची मेनची पिन बाहेर. हातातली अंगठी, बांगड्या काढून ठेवायच्या. पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळायची, कारण उघडा पाना दोन खांबांवर आडवा पडला तर तो क्षणात लाल होतो आणि ठिणगीने बॅटरीतला हायड्रोजन पेटू शकतो. आधी काळी वायर सोडायची, मग लाल. जोडताना लाल आधी. पाणी भरायची सहाही झाकणं घट्ट आहेत हे बघायचं, कारण सोडा आत गेला तर ॲसिड मारून टाकतो. मग मगभर गरम पाण्यात दोन चमचे खायचा सोडा आणि जुना टूथब्रश. फसफस थांबेपर्यंत घासायचं, साध्या पाण्याने धुवायचं, पूर्ण कोरडं करायचं, लगची आतली बाजू पॉलिश पेपरने चकचकीत करायची. बोल्ट आवळून झाला की मगच वरून व्हॅसलीन. आधी व्हॅसलीन थापून वर लग बसवणारे वायरमन आम्ही पाहिले आहेत. खाऱ्या हवेच्या गावात हे काम वर्षातून दोनदा करावं लागतं, मे महिन्यात आणि गणपतीच्या आधी. घाटावर एकदा केलं तरी निभतं.

पाण्याबद्दल तुम्ही जे सांगितलंत त्याने सर्वांत जास्त बॅटऱ्या वाचल्या असतील. बॅटरीतून पाणी उडतं, ॲसिड उडत नाही. म्हणून भरायचं ते फक्त डिस्टिल्ड वॉटर. 'जरा जोर यावा' म्हणून ॲसिड घातलं की प्लेटा लवकर खाल्ल्या जातात. विहिरीचं पाणी नाही, पावसाचं गाळून घेतलेलं नाही आणि आरओचंही नाही, कारण आरओच्या पाण्यातही विरघळलेले क्षार उरतात आणि प्लेटांना क्लोराइड आणि लोह चालत नाही. भरायची वेळ बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावरची. चार्ज होताना आतली पातळी वर चढते, म्हणून उतरलेल्या बॅटरीत काठोकाठ भरलं तर दुसऱ्या दिवशी ॲसिड ट्रॉलीवर आणि तिथून फरशीवर. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर मात्र आधी त्या बुडतील एवढंच घालायचं, चार्ज करायचं, मग उरलेलं. फ्लोटची दांडी वरच्या खुणेपर्यंत आली की थांबायचं.

बॅटरीच्या सहा कप्प्यांपैकी कोणत्या सेलला (कप्प्याला) किती पाणी लागलं ते वहीत लिहा, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा ते जरा अतीच वाटलं होतं. पण त्यातून किती कळतं! सहाही सेल भराभर पाणी पीत असतील तर चार्जिंगचा व्होल्ट जास्त आहे किंवा लहान बॅटरीला मोठ्या बॅटरीचं चार्जिंग लावलेलं आहे. दोष इन्व्हर्टरच्या सेटिंगमध्ये. एकच सेल पीत असेल तर तो सेल आजारी. खात्री हायड्रोमीटरने, म्हणजे ॲसिडची घनता मोजणाऱ्या नळीने होते. ट्युब्युलर बॅटरी पूर्ण चार्ज झालेली असेल तर आकडा १२४०च्या आसपास येतो. सहाही सेल सारखेच खाली, समजा ११८० दाखवत असतील तर बॅटरी नुसती उपाशी आहे. अखंड चोवीस तास चार्जिंग मिळू द्या आणि पुन्हा बघा. पाच सेल १२३० आणि एक ११३० असेल तर मात्र दुकानदार म्हणतो ते खरं, बॅटरी गेली. पाणी घातल्या-घातल्या हे माप घ्यायचं नाही, वर नुसतं पाणीच तरंगत असतं. आणि ॲसिडचा थेंब डोळ्यात उडाला तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याने धुवून थेट डॉक्टरकडे. घरगुती उपाय नाही. देव्हाऱ्याखालच्या कपाटात बॅटरी कोंबून वर निरांजन लावणाऱ्या घरांना तुम्ही जे सुनावलंत ते इथे परत लिहीत नाही. बॅटरी तिथून हलली, हे पुरे.

किती वेळ चालेल, या प्रश्नालाही तुम्ही आकड्यांनीच उत्तर दिलंत. १२ व्होल्टची १५० एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी म्हणजे १८०० वॅट-तास. त्यातले ऐंशी टक्केच वापरायचे, त्यात इन्व्हर्टरची तूट वीस टक्के, हाती उरतात साडेअकराशे. तीन साधे पंखे ७५ वॅटचे, चार एलईडी ट्युबा २० वॅटच्या, राउटर दहा, असा ३१५ वॅटचा लोड कागदावर साडेतीन तास निघतो. प्रत्यक्षात तीनच धरा, कारण १५०चा आकडा वीस तासांत सावकाश उतरवल्यावरचा आहे. जोरात ओढलं की बॅटरी तेवढं देत नाही. तेच पंखे कमी वीज खाणारे, ३० वॅटचे बीएलडीसी केले की लोड १८०वर येतो आणि सहा तास निघतात. दुसऱ्या बॅटरीचा खर्च करण्याआधी पंखे बदला, हा सल्ला एकाही विक्रेत्याने दिला नव्हता.

गणपतीत चाकरमानी आले की वेगळाच गोंधळ. मखराच्या एलईडी माळांना सगळे उगाच घाबरतात. त्या मूठभर वॅटच्या. इन्व्हर्टर बसतो तो मिक्सरने. ९०० व्हीएचा इन्व्हर्टर म्हणजे साधारण ७०० वॅट, आणि साडेसातशेचा मिक्सर सुरू होताना त्याच्या कित्येक पट ओढतो. तेव्हा लाइट नसताना खोबरं खवणीवर आणि चटणी पाट्यावर, हा तुमचा निर्णय घराघरांतून अमलात आहे. तक्रार करणाऱ्यांनी पाटा धुवून ठेवावा.

लांब लाइनच्या टोकाच्या घरांकडून एक आभार वेगळे. शेजारी दिवे लागलेत आणि आपला इन्व्हर्टर मात्र बॅटरीवरच, असं का, ते तुम्हीच पहिल्यांदा सांगितलंत. मागच्या बाजूला यूपीएस आणि नॉर्मल असं बटण असतं. यूपीएसवर ठेवलं तर बहुतेक इन्व्हर्टर १८० व्होल्टच्या खाली मेनची लाइट स्वीकारतच नाहीत. संध्याकाळी सगळ्यांचे पंप चालू झाले की लाइनला १६५ येतात. इन्व्हर्टरच्या लेखी लाइट गेलेली, बॅटरी उतरत राहते आणि चार्ज तर होतच नाही. रात्री खरोखर लाइट गेली की पाच मिनिटांत अंधार. बटण नॉर्मलवर केलं की १००-११० व्होल्टपर्यंत चालतं. बदल्यात लाइट जाता-येता डेस्कटॉप कॉम्प्युटर रीस्टार्ट होऊ शकतो आणि तोच कमी व्होल्ट पुढे फ्रिजलाही जातो, म्हणून फ्रिज इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्यायचा नाही. आणि नवीन इन्व्हर्टर बसवल्यापासून आरसीसीबी (विजेची गळती दिसताच लाइन तोडणारा स्विच) सारखा पडत असेल, तर त्याचा न्यूट्रल दुसऱ्या सर्किटच्या न्यूट्रलशी मिसळला आहे का हे वायरमनकडून आधी तपासून घ्यावं. ते लिहून ठेवलंय.

गावात राहून मुंबई-पुण्याची नोकरी करणाऱ्या मुलांची अडचण राउटरची. तिथेही तुमचा पहिला हुकूम : अडॅप्टरवरचं लेबल वाचा. १२ व्होल्ट १ अँपिअर की २, की जुना ९ व्होल्टचा? चुकीच्या व्होल्टचा मिनी यूपीएस (राउटरपुरती छोटी बॅटरी) लावला तर राउटर जळू शकतो. पिन ५.५ बाय २.१ की २.५, तेही बघायचं, २.१ची पिन २.५च्या जागी बसत नाही आणि उलट केलं तर ढिली राहून राउटर मधूनच बंद पडतो. खोक्यावरचे ८००० एमएएच हे ३.७ व्होल्टच्या सेलचे, १२ व्होल्टचे नव्हेत. म्हणजे तीसेक वॅट-तास, तूट जाऊन पंचवीस. आठ वॅटच्या राउटरला तीन तास. फायबरचा डबा आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोघांनाही वीज लागते, हे अर्धे लोक विसरतात. आणि एवढं करूनही नेट जात असेल तर फायबरच्या डब्यावरचा पॉन (PON) लिहिलेला दिवा बघायचा. तो स्थिर असेल तर लाइन जिवंत आहे. जिथे केबलवाल्याने खांबावरच्या पेटीत विजेवर चालणारा स्विच लावला आहे, तिथे पेटीतली बॅटरी संपली की आपल्या घरच्या यूपीएसचा काही उपयोग नाही. त्या घरांनी केबलवाल्यालाच गाठावं.

शेवटचे आभार त्या मेसेजबद्दल : "बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडण्यात येईल, या नंबरवर फोन करा." एका म्हाताऱ्या घरातून हा प्रश्न आला तेव्हा तुम्ही घाबरू नका एवढंच म्हणून थांबला नाहीत, कायदाच सांगितलात. वीज कायदा २००३च्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. 'आज रात्री' असं काही नसतंच. वैयक्तिक दहा आकडी नंबरवरून आलेल्या मेसेजला उत्तर द्यायचं नाही, सांगितलेलं ॲप उतरवायचं नाही, शंका असेल तर वीज हेल्पलाइन १९१२ला विचारायचं, आणि पैसे गेलेच तर त्याच तासात सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०. हे चार ओळींचं टिपण आता बऱ्याच घरांत मीटरच्या पेटीवर चिकटवलेलं आहे.

ताई, या कामाचे पैसे तुम्ही घेत नाही, म्हणून एक मोजकं देणं आमच्याकडून. वाडीच्या वर्गणीतून दोन हायड्रोमीटर आणि एक क्लॅम्प मीटर घेतला आहे, वायरीला चिमट्यासारखा लावून डीसी करंटही मोजणारा. तो देवळाच्या कपाटात राहील, नोंदवहीसह. यापुढे तुमच्याकडे प्रश्न येईल तो आकड्यांसकट येईल : लोड चालू असताना खांबावर किती, लगवर किती, सहा सेलचे सहा आकडे. त्याशिवाय विचारणाऱ्याला उत्तर देऊ नका.

आपले,
वाडीतले आणि मुंबई-पुण्याहून विचारणारे सगळे

ता. क. : खरंच गेलेली बॅटरी भंगारवाल्याला फोडू देऊ नये. नवीन घेताना दुकानात जुनी परत घेतात आणि शिशाच्या वजनावर किंमत वजा होते. दुकानात जाण्याआधी ट्रॉलीसकट न उचलता बॅटरी वेगळी करून वजन करून घ्यावं. मोठी ट्युब्युलर पन्नास किलोच्या वर भरते, तेव्हा उचलायला दोघे हवेत, आणि ती आडवी करायची नाही.