हिराफूच्या झाडीत माझी स्की शोधून देणाऱ्या आजोबांना

निशी-कासाई, तोक्यो
१२ फेब्रुवारी

ती. स्व. आजोबांस,
शि. सा. न. वि. वि.

घरच्या थोरांना तीर्थरूप लिहायचं आणि परक्या पण घरच्यासारख्या थोरांना तीर्थस्वरूप, हा फरक आईनं मला चौथीत पत्रलेखन शिकवताना पाठ करून घेतला होता. पुढं पत्रंच संपली. त्यामुळं हे दुसरं संबोधन मी आयुष्यात पहिल्यांदा वापरतोय, तेही ज्यांचं नाव माहीत नाही अशा माणसासाठी. नाव मी विचारलं होतं. तुम्ही हातमोजा हलवून प्रश्न उडवून लावलात आणि लिफ्टच्या रांगेत शिरलात.

पत्र मराठीत का, तर जपानीत मी दिवसाला वीसेक ईमेल लिहितो आणि प्रत्येकाची सुरुवात 'ओसेवा नि नात्ते ओरिमासु' अशी करतो. तुमचं आमच्यावर लक्ष आहे, कृपा आहे, अशा अर्थाचं. खाली सर्व्हर बंद पडल्याची तक्रार असली तरी वर हे असतंच. घासून घासून ते वाक्य इतकं गुळगुळीत झालंय की तुमच्यासाठी लिहायला हात धजेना. एक छोटं जपानी कार्ड मात्र लिफ्टवरच्या माणसांच्या नावे धाडलंय. त्यात तुमच्या विटलेल्या निळ्या जाकिटाचं आणि पिवळ्या लोकरी टोपीचं वर्णन केलंय. पोचलं तर पोचलं.

आम्ही तिघं एकाच ऑफिसातले. शनिवारी पहाटे तोक्योच्या हानेदाहून विमान, दीड तासात होक्काइदोतला शिन-चितोसे विमानतळ, पुढं निसेकोच्या हिराफूपर्यंत बसनं जवळपास तीन तास. सोमवारी रात्री परत. मी स्की शिकलो ते गाला युझावाला, जिथं शिनकानसेनच्या स्टेशनातूनच गोंडोला पकडता येतो. तिथला बर्फ रात्री यंत्रानं दाबून, रेघा ओढून ठेवलेला असतो. चार हिवाळे त्या इस्त्री केलेल्या उतारावरून खाली येऊन आपल्याला स्की येतं असा माझा पक्का समज झाला होता.

रविवारी सकाळी पडदा सरकवला तर रात्रीत हॉटेलच्या दारातल्या सायकली गायब. म्हणजे होत्या जागेवरच, वर बर्फ चढला होता. उणे अकरा तापमान, आणि बर्फ असा की मुठीत दाबला तरी गोळा होईना. फुंकर मारली की सावरीच्या कापसासारखा उडायचा. बरोबरचे दोघं नाश्ता अर्धा टाकून निघाले. स्कीवाल्यांमध्ये एक म्हण आहे, पावडरच्या, म्हणजे असा ताजा भुसभुशीत बर्फ पडल्याच्या, दिवशी कुणी कुणाचा मित्र नसतो. मला ती विनोद वाटायची. दहा वाजता झाडीत शिरताना ते दोघं पुढं, मी मागं. सव्वादहाला ते दिसेनात, आणि थंडीनं माझा फोन तीस टक्क्यांवरून एकदम बंद.

हद्दीची दोरी मी ओलांडली नव्हती, हे आधी सांगतो. निसेकोत हद्दीबाहेर जायचं तर ठरलेल्या फाटकांतूनच, तीही उघडी असतील तेव्हाच. दोरीखालून घुसणाऱ्याचा पास काढून घेतात, हे मी वाचून आलो होतो. मी हद्दीच्या आतच होतो, लिफ्टचा आवाज ऐकू येईल इतक्या जवळ. तरी पडलो. डावी स्की कशात तरी रुतली, मी दोन कोलांट्या खाल्ल्या, आणि उठून बघतो तर एका पायात स्की, दुसऱ्या पायात नुसता बूट. तो बूट टेकवला तो कमरेपर्यंत आत गेला.

स्की सुटली यात बाइंडिंगचा, म्हणजे बूट स्कीवर धरून ठेवणाऱ्या पकडीचा, दोष नव्हता. भाड्याच्या दुकानात फॉर्म भरताना वजनाच्या रकान्यात मी लग्नाआधीचं वजन लिहिलं होतं. किती जोर आला की बूट सोडायचा, हा बाइंडिंगचा आकडा त्या वजनावर, उंचीवर आणि तुम्ही किती सराईत आहात यावर बसवतात. मी सवयीनं नऊ किलो कमी लिहिले आणि 'नवखा' वर खूण केली, कारण विनय. परिणामी जरा ताण आला की पाय मोकळा. बायकोला हे सांगितलं तेव्हा ती अर्धा मिनिट काही बोलली नाही, मग म्हणाली, "फॉर्मशी तरी खरं बोलत जा."

मग मी जे केलं ते सगळे नवखे करत असणार. स्की घसरत खाली गेली असं धरून खालच्या बाजूला शोधायला लागलो. हातानं बर्फ उपसायचा, वरून तेवढाच पुन्हा खचायचा. वीस मिनिटांत घामानं भिजलो आणि त्या घामानं थंडी वाजायला लागली. वरून बर्फ पडतच होता. मी पाडलेले खड्डे माझ्या डोळ्यांदेखत भरत होते.

तेवढ्यात तुम्ही आलात. तुमच्या स्कीचा आवाजच आला नाही. झाडांमधून पिवळी टोपी वरखाली होत आली आणि माझ्यापाशी थांबली. पहिला प्रश्न "दाइज्जोबु?", ठीक आहेस ना, हा नव्हता. "हितोरी?" होता. एकटाच? मी हो म्हणालो तर तुमचा चेहरा आमच्या गावच्या हेडमास्तरांसारखा झाला. काठीनं तुम्ही शेजारच्या झाडाचा बुंधा दाखवलात. खाली झुकलेल्या फांद्यांमुळं बुंध्यापाशी बर्फ दाबून बसत नाही, आत विहीर राहते, वरून दिसत नाही. त्यात माणूस डोक्यावर गेला तर आपल्या आपण निघत नाही, आणि बरोबर कुणी नसेल तर शोधायलाही कुणी नसतं. हे सगळं तुम्ही चार शब्दांत सांगितलंत: "इथं. डोकं खाली. संपलं. एकटं नको." मी पडलो तिथून ते झाड दोन हातांवर होतं.

नंतर तुम्ही दप्तर उतरवलंत, तेव्हा मला वाटलं गस्तीवाल्यांना कळवणार. तुम्ही फक्त विचारलंत, पहिल्यांदा तोल गेला तो कुठं? शेवटी कुठं थांबलास ते नाही, पहिल्यांदा कुठं गेला ते. मी वर बोट केलं, दहाबारा पावलं. तुम्ही चढून जाऊन तिथं माझ्या दोन काठ्या फुलीसारख्या रोवल्यात, वरून येणाऱ्याला लांबूनच दिसाव्यात म्हणून. आणि तिथून खाली नव्हे, त्याच जागेपासून शोधायला लागलात. सुटलेली स्की माणसाबरोबर येत नाही, ती सुटली तिथंच बर्फात सूर मारते, हे मला तेव्हा कळलं.

तुम्ही स्वतःची एक स्की काढून तिची शेपूट बर्फात उभी खुपसलीत आणि उताराला आडवी ओढत नेलीत, सुरी चालवावी तशी. एक रेघ. वीतभर सोडून दुसरी, मग तिसरी. घाई नाही, खणणं नाही. मला खालच्या अंगाला उभं करून माझी उरलेली स्की हातात दिलीत आणि तसंच करायला लावलंत. आजोबा, मी आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावरचा, आणि आमच्याकडं बटाटा होतो. काढणी झाल्यावर आजी रानात सरवा वेचायला जायची. सरीन् सरी, मान खाली घालून, मजुरांच्या हातून सुटलेला एक एक बटाटा. आम्हा पोरांचा धीर पाच मिनिटांत संपायचा, ती मात्र रान पुरं झाल्याशिवाय उठायची नाही. तुमचं चालणं मला अगदी ओळखीचं वाटलं.

विसाव्या की पंचविसाव्या रेघेला 'टक्' झालं. लाकडाचं नव्हे, बांबूचं नव्हे. खालच्या सासा बांबूनं आम्हाला तोवर दोनदा फसवलं होतं. तुम्ही हात कोपरापर्यंत घातलात, चाचपलंत आणि माझ्याकडं न बघताच हसलात.

सगळं मिळून पाऊण तास गेला असेल. त्या पाऊण तासाची किंमत मला तेव्हा नीट कळली नाही. रात्रीत पडलेल्या कोऱ्या बर्फाची ती ऐन वेळ होती, झाडीतून एकामागून एक माणसं किंचाळत, हसत खाली जात होती आणि अकरापर्यंत सगळी झाडी उभी-आडवी चिरली गेली होती. तुम्ही रेघा ओढत होतात ते माझ्या स्कीसाठी.

थर्मासमधला चहा आणि आल्याची गोळी यांचे आभार वेगळे मानायला हवेत. ती गोळी जिभेवर ठेवली आणि डोळ्यांपुढं आला तो आलेपाक, एसटीच्या खिडकीशी विकायला यायचा तो. खिशातून तुम्ही लाल फितीचं एक गुंडाळं काढलंत, एक टोक माझ्या डाव्या बाइंडिंगला बांधलंत आणि उरलेली फीत पायाच्या मापानं मोजून विजारीच्या पायात खोचायला लावलीत. पुन्हा स्की गेली तर फीत उलगडेल आणि तिचा माग दिसेल. तोपर्यंत असलं काही असतं हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं.

खाली जाताना तुम्ही पुढं, मी मागं. तुम्ही जपानी शिकवलंत की स्की, हे मला अजून ठरवता येत नाही. दोन्ही पायांवर सारखं वजन, पाय जवळ, मागं रेलायचं नाही आणि वेग कमी होऊ द्यायचा नाही, कारण वेग गेला की बुडालास. पण हे तुम्ही वाक्यांत सांगितलंच नाहीत. "फुवाऽ, फुवाऽ" म्हणत गुडघ्यांत दबत आणि उसळत राहिलात. मराठी माणसाला भुरभुर, लुसलुशीत, डुगडुग असले शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. मला फुवा-फुवा लगेच कळलं. सहा वळणं जमली. सातव्याला पडलो, पण स्की पायातच होती.

परत वर जाताना दोघांच्या लिफ्टवर तुम्ही मोकळे झालात. उन्हाळ्यात बटाटा आणि हिवाळ्यात हे, म्हणालात. कुच्चान बटाट्याचं गाव आहे हे मी स्टेशनावर स्की घातलेला बटाटा बघून ओळखलं होतं. तिथल्या बटाट्याची एक जात 'दानशाकु', म्हणजे उमराव. कावादा नावाच्या एका उमरावानं १९०८ मध्ये बाहेरून बियाणं आणलं म्हणून ते नाव. आमच्या पठारावर कुठल्याही सरदारानं बियाणं आणल्याचं मी ऐकलेलं नाही. तुम्ही वायव्येकडं हात करून 'सिबेरिया' म्हणालात, मग दोन्ही हातांनी समुद्र दाखवलात, मग डोंगर, मग बोटं खाली सोडलीत. मला तो नकाशा पाठ होता. अरबी समुद्रावरून ओलं होऊन येणारं वारं सह्याद्रीला धडकून आंबोली-महाबळेश्वरात कोसळतं. तुमच्याकडं सैबेरियातलं कोरडं वारं जपानच्या समुद्रावर ओलं होतं आणि या डोंगरांवर पांढरं होऊन उतरतं. त्यातला अन्नुपुरी उंचीनं फक्त १३०८ मीटर, जवळपास आमच्या सिंहगडाएवढा. सिंहगडावर पावसाळ्यात धुकं आणि कांदाभजी. इथं हिवाळ्यात सरासरी पंधराएक मीटर बर्फ.

मधेच ढग फाटून योतेई दिसला. तुम्ही बोलणं थांबवलंत. १८९८ मीटर, म्हणजे आमच्या कळसूबाईला मागं टाकणारा, आणि आकारानं असा रेखीव की फुजीचा धाकटा भाऊ वाटावा. १९१२ साली लेर्ख हा ऑस्ट्रियन लष्करी अधिकारी त्याच्यावर स्कीनं चढला होता, तोच ज्यानं आदल्या वर्षी ताकादा शहरातल्या जपानी सैनिकांना हा खेळ शिकवला. लेर्खचं नाव घेतल्यावर तुम्ही मला पहिल्यांदा जरा मानानं पाहिलंत. मग तीन बोटं वर करून विचारलंत, कासाया, कोन्नो, आओची माहीत आहेत का? नव्हते. १९७२, साप्पोरो ऑलिंपिक, सत्तर मीटरची स्की-उडी, सुवर्ण, रौप्य आणि कांस्य तिन्ही जपानला. तेव्हा तुम्ही शाळेत होतात. दुसऱ्या दिवसापासून गावातलं प्रत्येक पोर छपरावरून उडी मारायला लागलं, तुम्हीसुद्धा, आणि मनगट मोडून घेतलंत. तुम्ही ते मनगट मला हातमोजा काढून दाखवलंत. उणे अकरात.

वर माझे दोघं मित्र उभे होते, चेहरे पांढरे. आभाराचं मला येईल ते सगळं जपानी मी एका दमात बोललो. तुम्ही "ओतागाइसामा" एवढंच म्हणालात. आज माझी, उद्या तुझी, असं काहीसं. मला तर तुमच्या कधी उपयोगी पडता येईल असं वाटत नाही, सर्व्हर बंद पडला तर गोष्ट वेगळी.

त्या दोघांना मी काही बोललो नाही. दुपारी त्यांनीच रामेनचे पैसे दिले.

आपला,
सातगाव पठारावरचा एक

ता. क. स्की दुकानात परत करताना लाल फीत मी सोडून घेतली, आणि ती तुम्हाला द्यायची राहिली. सध्या आमच्या बाल्कनीत कपड्यांच्या दांडीला बांधली आहे; बायकोला ती राखीसारखी दिसते. पुढल्या जानेवारीत पुन्हा येतोय. त्याच लिफ्टपाशी साडेआठला उभा राहीन, बरोबरच्या दोघांना धरून. फॉर्मवर वजन खरं लिहीन. आलेपाक आणतो.