आई, ते ग्रहण मनातून काढून टाक

विश्रामबाग, सांगली

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बोलायला गेले असते तर मी रडले असते आणि तुम्ही घाबरला असता, म्हणून लिहायला बसले.

परवा कोरेगावहून निघताना आईनं मला पडवीत गाठलं आणि हळूच म्हणाली, "तुझ्या वेळी माझ्याच हातून चुकलं गं." १९८० सालचं ग्रहण. १६ फेब्रुवारीची दुपार, तिला तिसरा महिना, सगळं गाव दारं लावून आत बसलेलं. ग्रहण सुटलं की लगेच स्वयंपाकाला लागायचं, तेवढीच तयारी म्हणून हिनं आजीची नजर चुकवून विळीवर दोन वांगी चिरली. माझ्या मानेवरची टाक्यांची खूण पाहिल्यापासून तिला ती वांगी आठवतात. आई, एवढं ओझं घेऊन चौदा महिने तू माझ्या उशाशी बसत होतीस, आणि मला पत्ताही नव्हता.

त्या वांग्यांचा माझ्या आजाराशी काडीचाही संबंध नाही. पोटात बाळाची कवटी घडताना मागच्या बाजूची, लहान मेंदू बसतो ती जागा माझ्या बाबतीत थोडी आखूड राहिली. तेवढ्या जागेत तो मावला नाही, म्हणून त्याची खालची टोकं कवटीच्या तळाच्या भोकातून मानेत उतरली. ५ मिलिमीटरच्या पुढे उतरली की डॉक्टर सहसा त्याला कियारी म्हणतात, माझी ११ होती. हान्स कियारी नावाच्या डॉक्टरांनी १८९१ साली प्रागमध्ये हे लिहून ठेवलं, त्यांच्यावरून हे नाव. कितीतरी लोकांना हे असतं आणि जन्मभर कळतही नाही. तू मला पोटात नीटच वाढवलंस.

बाबा, तुम्हाला शेतातलं सांगते. मेंदूभोवतीचं पाणी त्याच भोकातून मणक्यात खाली-वर होत असतं. पाटाच्या मोरीत गवत अडकलं की पाणी पुढं जात नाही, बांधात झिरपायला लागतं. तुम्ही रात्री दारं धरायला जायचात तेव्हा हे कितीदा पाहिलंय. माझ्या मज्जारज्जूत तसंच पाणी साठून पोकळी झाली. त्या पोकळीनं डाव्या हाताची वेदना आणि ऊन-गार कळणाऱ्या नसा दाबल्या. ऑपरेशनमध्ये मागचं थोडं हाड काढून मोरी रुंद केली. पोकळी आता बरीच आकसली आहे. हातातलं गेलेलं मात्र पूर्ण परत आलेलं नाही.

ती फोडाची सकाळ तुम्हाला कधी सांगितली नाही. भाकरी तव्यावर होती, मी नेहमीसारखी बोटांनीच उलटली आणि पुढच्या भाकरीचं पीठ मळायला घेतलं. मुलगा म्हणाला, "आई, तुझ्या बोटाला काय झालं?" दोन बोटांवर पाण्यानं टचटचीत भरलेले फोड. परातीचा कड, पिठाचा खरखरीतपणा, सगळं बोटांना कळत होतं. चटका तेवढा कळला नव्हता. खोकला आला की डोक्याच्या मागे कळ उठायची, तिला सहा वर्षं कुणी पित्त म्हटलं, कुणी मायग्रेन, कुणी मानेचा मणका. त्या फोडांनंतर मिरजेत एमआरआय झाला आणि खरं काय ते समोर आलं.

आता माझं ऐका. तुम्ही मला जिना चढू देत नाही, भांडं उचलू देत नाही, बाबा रोज रात्री नऊला फोन करून "चक्कर नाही ना?" विचारतात. जिना मी चढते, शाळेत पाच तास उभी राहून शिकवते, त्यानं काही होत नाही. पण गेल्या वेळी तुम्हीच म्हणालात, शेजारच्या गावचा तो मणके बसवणारा एकदा मान मोकळी करून देईल. बाबा, माझ्यासाठी खरी भीती तिथं आहे. माझ्या मानेला कुणी कडकन झटका द्यायचा नाही. हाडवैद्यानं नाही आणि तेल लावताना मायेनंसुद्धा नाही. शीर्षासन नको, जत्रेतले हिसके देणारे पाळणे नकोत, भरलेला हंडा नको. खोकला अंगावर काढायचा नाही, पोट साफ राहील असं खायचं, कारण कुंथण्यानंही तिथला दाब वाढतो. आंघोळीचं पाणी मी उजव्या हातानं बघते, भाकरी चिमट्यानं उलटते. आणि कुठल्याही ऑपरेशनआधी, विशेषतः पाठीत सुई द्यायची असेल तर, डॉक्टरांना आधी सांगायचं. एमआरआयच्या रिपोर्टची प्रत माझ्या पर्समध्ये असते. दुसरी तुमच्या कपाटात ठेवली आहे, तुमच्याकडे असताना काही झालं तर ती बरोबर घ्या.

रोज विचारायचंच असेल तर बाबा, हे विचारा: घास गिळताना अडकतो का, आवाज बसलाय का, झोपेत श्वास थांबतो असं घरचे म्हणतात का, हातातून वस्तू निसटतात का, चालताना तोल जातो का, लघवी आवरत नाही असं होतं का. यातलं काही "हो" आलं तर मी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाईन, शब्द देते. नाहीतर वर्षातून एकदा तपासणी, आणि मधल्या काळात तुम्ही मला पावसाचं, घेवड्याचं, म्हशीचं सांगा. ते ऐकायला मी आसुसलेली असते.

नातवाची काळजी करू नका. त्याला कसलाच त्रास नाही, डॉक्टरांनी तपासून आत्ता काही करायची गरज नाही असं सांगितलं आहे.

दिवाळीनंतर चार दिवस येते. आई, भाकरी मीच करणार, चिमटा सोबत आणते. भरलं वांगं मात्र तुझ्याच हातचं हवं, आणि विळीवर चिरताना माझ्याशी बोलत बस. बाबा, स्टेशनवर आलात तर बॅगेला हात लावू नका, तुमचे गुडघे दुखतात. चाकाची बॅग आणते आहे.

तुमची,
ताई