यंत्र पोहोचेल, त्याआधी हे वाचा

ती. आई आणि ती. बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

हे सगळे फोनवर बोलता आले असते. पण फोनवर बाबा "बरं, बरं" म्हणून फोन आईकडे देतात आणि आई मला "जेवलीस का" विचारते, म्हणून सविस्तर लिहून पाठवते आहे. दोन दिवसांत कुरिअरने एक खोके येईल. त्यात दंडावर पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे यंत्र आहे. शिवाय येत्या शनिवारी सकाळी साडेदहाला डॉक्टरांची वेळ घेतली आहे आणि राजूदादा दहाला गाडी घेऊन दारात येईल. तुम्हाला न विचारता मी हे ठरवले, हे खरे आहे; पण विचारले असते तर "दिवाळीनंतर बघू" हेच उत्तर मिळाले असते, आणि तात्यांच्या बाबतीत दिवाळीनंतर काय झाले ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. डॉक्टरांचे पैसे भरून झाले आहेत आणि ते परत मिळत नाहीत, हे बाबांसाठी मुद्दाम लिहून ठेवते.

बाबा, तुम्ही आमराईत रोज चालायला जाऊ लागलात याचा मला किती आनंद झाला आहे ते मी सांगू शकत नाही, आणि हे पत्र तुमचे चालणे बंद करण्यासाठी नाही. पण गेल्या आठवड्यात फिरून आल्या आल्या, पायांत बूट असतानाच, शेजारच्या काकांच्या मनगटी यंत्रावर तुम्ही रक्तदाब पाहिलात, तो १६४/८६ आला आणि तुम्ही मनानेच आणखी अर्धी गोळी घेतलीत, हे मला कळले आहे. कोणाकडून कळले ते विचारू नका आणि आईवर रागावू नका. तिला रात्रभर झोप लागली नव्हती.

तो आकडा खोटा नव्हता, पण तो चालून आलेल्या माणसाचा होता. चालताना स्नायूंना जास्त रक्त लागते, हृदय जोराने काम करते आणि वरचा आकडा चढतो; चढायलाच हवा. थोडे बसल्यावर तो उतरतो, आणि व्यायामानंतर काही तास तर तो नेहमीपेक्षाही खाली राहू शकतो. नेमक्या त्याच वेळी जादा गोळी पोटात गेली तर रक्तदाब गरजेपेक्षा खाली जाऊन चक्कर येते, आणि आपल्या न्हाणीघराची फरशी कशी आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. गोळी वाढवणे किंवा कमी करणे हे काम डॉक्टरांचे. याबाबत मी कोणतेही स्पष्टीकरण ऐकून घेणार नाही.

आता मोजायचे कसे ते लिहिते. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखूची मशेरी (हो, मला माहीत आहे) आणि चालणे यांपैकी काहीही नको. लघवीला जाऊन यावे. मग पाठ टेकता येईल अशा खुर्चीत, दोन्ही पाय जमिनीवर सपाट ठेवून, पायावर पाय न टाकता पाच मिनिटे नुसते बसावे. टीव्हीवरच्या बातम्या त्या वेळी बंद. पट्टा सदऱ्याच्या बाहीवरून बांधू नये, उघड्या दंडावर बांधावा, आणि हात टेबलावर असा ठेवावा की पट्टा छातीच्या उंचीला येईल; हात खाली लोंबकळत ठेवला तर आकडा उगाच वर दिसतो. यंत्र चालू असताना बोलायचे नाही, म्हणजे आईनेही त्या वेळी गॅस सिलिंडरचा विषय काढायचा नाही. एक मिनिट थांबून दुसऱ्यांदा मोजावे आणि दोन्ही आकडे लिहावेत. सकाळी गोळी घेण्यापूर्वी आणि संध्याकाळी जेवणापूर्वी, असे सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढायची, ती मात्र माझ्यावर सोडा.

दवाखान्यात १४०/९० किंवा त्याहून जास्त आला तर डॉक्टर त्याला उच्च रक्तदाब म्हणतात. घरी माणूस निवांत असतो, म्हणून घरच्या सरासरीसाठी हीच रेषा १३५/८५ वर धरतात. तुमच्यासाठी नेमका किती असावा ते डॉक्टर शनिवारी सांगतील, तेव्हा माझ्या आकड्यांवरून त्यांच्याशी वाद घालू नका. २०१९ च्या महापुरात तुम्ही तासातासाला आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी विचारत होतात. पण पाणी किती फूट आहे एवढ्यावर तुम्ही कधी थांबला नाहीत, चढते आहे की उतरते आहे हा तुमचा पुढचा प्रश्न ठरलेला असे, आणि ४० फुटांची इशारा पातळी म्हणजे ४५ फुटांची धोका पातळी नव्हे हे तुम्हीच घाबरलेल्या शेजाऱ्यांना समजावत होतात. स्वतःच्या रक्तदाबाकडेही तसेच पाहा.

एक गोष्ट मात्र मी विसरलेले नाही. गणपतीत आरती संपल्यावर उठताना तुम्ही दाराची चौकट धरलीत आणि "पाय अवघडला" म्हणालात. म्हणून आठवड्यातून एकदा बसून मोजल्यावर उभे राहा आणि एका मिनिटाने व तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. उभे राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा त्याहून अधिक उतरत असेल तर ते डॉक्टरांना सांगायलाच हवे. अशा वेळी बसून घेतलेला आकडा चांगला असूनही माणूस पडू शकतो.

दादाने दिलेले घड्याळ तुम्हाला हिरवे-लाल रंग दाखवून घाबरवते असे कळले. ते वय २२० मधून वजा करून नाडीची कमाल मर्यादा ठरवते. तुमचे वय ७१, म्हणून १४९. हा हिशेब मुळातच ढोबळ आहे, आणि तुमच्या दोन गोळ्यांपैकी एक तर नाडी मुद्दाम संथ ठेवणारी आहे, त्यामुळे घड्याळाने सांगितलेला वेग गाठण्याच्या नादात तुम्ही धावू लागाल अशी मला खरी भीती वाटते. त्यापेक्षा चालताना सोबत्यांशी नीट बोलता येते आहे, पण गाणे म्हणता येणार नाही, एवढाच वेग ठेवा. स्वस्थ बसलेले असताना अंगठ्याखाली मनगटावर दोन बोटे ठेवून तीस सेकंद ठोके मोजा आणि दुप्पट करा. साधारण ६० ते १०० च्या मध्ये असावेत, आणि ठोके वेडेवाकडे पडत असतील तर तसे वहीत लिहा. दहा हजार पावलांचा हट्टही सोडा. तो आकडा १९६५ मध्ये जपानमध्ये विकायला आलेल्या पावले मोजण्याच्या एका यंत्रामुळे प्रचारात आला, डॉक्टरांच्या संशोधनातून नाही. आठवड्यात १५० मिनिटे जरा भरभर चालणे हे जागतिक आरोग्य संघटनेचे माप आहे. म्हणजे पाच दिवस अर्धा तास. तिथपर्यंतही हळूहळू जा.

आई, आता तुझ्याकडे वळते. तू पत्र बाबांकडून वाचून घेत असशील तर चष्मा लाव आणि हा भाग स्वतः वाच. "मला काय झालंय" असे म्हणत तू तुझे रिपोर्ट फ्रीजवरच्या डब्याखाली ठेवलेस, त्यांचा फोटो दादाने मला पाठवला आहे. उपाशीपोटी साखर ११२ आहे. १०० च्या आत हवी, १२६ पासून पुढे मधुमेह. तीन महिन्यांची सरासरी साखर (रिपोर्टात एचबीए१सी) ६.१ आहे, ५.७ च्या आत हवी, ६.५ पासून पुढे मधुमेह. म्हणजे दोन्ही आकडे इशारा पातळीवर आहेत, आणि जेवणानंतरचे थोडे चालणेही इथे उपयोगी पडते. पण तुझे हिमोग्लोबिन १०.२ आहे, आणि मला जास्त काळजी त्याची आहे. बाईमाणसाचे १२ च्या खाली असू नये. तीन महिन्यांची साखर रक्तातल्या तांबड्या पेशींवरून मोजतात, त्यामुळे अंगात लोह कमी असेल तर तो आकडा प्रत्यक्षापेक्षा वर दिसू शकतो. तेव्हा आधी रक्ताचे बघायला हवे. जिना चढताना तुला लागणारी धाप वयाची नसेलही. आणि तुझ्या वयात रक्त कमी असेल तर ते का कमी आहे हे शोधावे लागते, नुसते बीट आणि खजूर खाऊन भागत नाही. डॉक्टरांनी आणखी तपासण्या सांगितल्या तर "कशाला उगाच खर्च" म्हणू नकोस. बोट टोचून साखर मोजण्याचे यंत्र मी मुद्दाम पाठवलेले नाही. तुम्हा दोघांनाही ते सध्या रोज लागणार नाही, आणि तू ते शेजारच्या सगळ्या बायकांची बोटे टोचण्यासाठी वापरशील. कोरोनातला ऑक्सिमीटरही कपाटातच राहू दे.

मशीनच्या खणातली शिवणकामाची टेप काढून दोघांचीही कंबर मोज. परकराची नाडी बांधतेस तिथे किंवा बाबांच्या पट्ट्याच्या जागी नको. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध टेप धरायची, श्वास सोडून, पोट आत न ओढता. आपल्याकडे बायकांसाठी ८० सेंटीमीटर आणि पुरुषांसाठी ९० ही मर्यादा मानतात. बाबा गेली कित्येक वर्षे वजन ६१ किलोच असल्याचे सगळ्यांना सांगतात, आणि उंची १६५ सेंटीमीटर धरली तर त्यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचे माप, २२.४ येतो, म्हणजे २३ च्या मर्यादेत. पण लग्नातला कोट त्यांना पोटावर का बसत नाही याचे उत्तर त्यात नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण दिले होते: दोघांचाही बीएमआय २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. आपली माणसे काट्यावर बारीक दिसून आतून चरबी बाळगतात. वय वाढेल तसे स्नायू घटतात आणि पोट वाढते, काटा तसाच राहतो. त्यासाठी चालण्याबरोबरच खुर्चीतून हात न टेकता उठणे-बसणे, प्रत्येकी दहा वेळा, दोघांनीही. बाबांनी मात्र डॉक्टरांना विचारल्यानंतरच.

मी लहानपणी तापाने फणफणलेली असताना बाबा पारा झटकून थर्मामीटर काखेत ठेवायचे आणि घड्याळाकडे बघत बसायचे; मी कितीही रडले तरी वेळ पुरी झाल्याशिवाय काढू द्यायचे नाहीत, मग खिडकीपाशी उजेडात धरून वाचायचे आणि कॅलेंडरच्या चौकटीत बारीक अक्षरात लिहायचे. ताप उतरेपर्यंत ती चौकट भरत जायची, आणि ती बघून मला आपोआप बरे वाटायला लागायचे. तोच काटेकोरपणा आता स्वतःसाठी दाखवा, एवढेच माझे मागणे आहे.

तुमचे कोणतेही सुख काढून घ्यायचे माझ्या मनात नाही. सकाळचा चहा राहील, भाकरी राहील, रविवारचे मटण राहील, कट्ट्यावरच्या गप्पा तर राहिल्याच पाहिजेत. लोणचे, पापड आणि भडंगावरचा हात मात्र आवरा, कारण मीठ तिथेच लपलेले असते. तुम्हाला बंगळुरूला आणण्याचा विषयही मी काढत नाही. तुमचे घर सांगलीत आहे, हे मला मान्य आहे. मी जवळ नाही, हे मला रोज टोचते; म्हणून आकडे तरी माझ्याजवळ असू द्या.

चालताना छातीवर दडपण आले, जबडा किंवा हात दुखू लागला, थंड घाम सुटला किंवा अंधारी आली तर जिथे असाल तिथे बसा आणि १०८ ला फोन करा. "घरी जाऊन बघू" नको. स्वस्थ बसून मोजलेल्या रक्तदाबाचा वरचा आकडा १८० च्या किंवा खालचा १२० च्या वर आला तर पाच मिनिटांनी पुन्हा मोजा. तसाच असेल आणि त्यासोबत छातीत दुखणे, दम, बोलण्यात अडखळणे किंवा हातापायात कमजोरी असेल, तरीही १०८. त्रास काहीच नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, आणि मग मला.

शनिवारी दोघांच्याही गोळ्यांची पाकिटे, आईच्या सांधेदुखीच्या त्या काढ्याची बाटली धरून, एका पिशवीत घाला. यंत्रही न्या, डॉक्टरांच्या यंत्राशी ते ताडून पाहता येईल. जुने रिपोर्ट दादाकडे आहेत. आई, बाबांच्या आधी तुझी तपासणी होईल असे मी दवाखान्यात सांगून ठेवले आहे, त्यामुळे "यांचं बघा, माझं राहू दे" हे या वेळी चालणार नाही.

तुमची,
मनू

ता. क. बाबा, त्या दिवशी घेतलेल्या जादा अर्ध्या गोळीबद्दल डॉक्टरांना तुम्हीच सांगा. तुम्ही सांगितले नाहीत तर आई सांगेल.