भिंत नको, संकासूर हवा

संपादक महोदय,

किनारपट्टीच्या गावांत भिंती रंगवून सागरी जीव वाचवण्याचा संदेश देणार, ही बातमी आपल्या अंकात वाचली. हेतू चांगला आहे. पण असा एक प्रयोग आमच्या शेजारच्या गावात गेल्या वर्षी झाला, त्याचं पुढे काय झालं ते कळवावंसं वाटतं.

शहरातून आलेल्या मुलांनी दोन दिवसांत जेटीजवळची लांबलचक भिंत रंगवली. निळंशार पाणी, नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे मासे, एक काळा-पांढरा देवमासा आणि कोपऱ्यात चक्क पेंग्विन! रापणीवरचे (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावरचे) एक आजोबा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "ह्यो पावणो आमका कधी गावलो नाय." पावसाळ्यात रंगाला पोपडे आले. आता देवमाशाच्या डोळ्यात कुणीतरी खिळा ठोकलाय आणि त्यावर फाटकी जाळी लटकते. फोटो मात्र छान आले होते.

सौराष्ट्रात याच कामासाठी वेगळी वाट धरली गेली. तिथे व्हेल शार्कला मच्छीमार 'बॅरल' म्हणत, कारण गळाला पिंपं बांधून तिला दमवून मारत. यकृताचं तेल होड्यांना चोपडायला लागे. 2001 मध्ये कायद्याने शिकार बंद झाली, पण कायदा वेरावळच्या धक्क्यापर्यंत पोचवायचा कसा? 2004 मध्ये मोहीम निघाली. खऱ्या मापाची, हवा भरून फुगवलेली व्हेल शार्क गावोगाव फिरली आणि सोबत पथनाट्य, बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या कोळ्याच्या लेकीचं. रामकथाकार मोरारीबापूंनी व्हेल शार्कला त्या लेकीचीच उपमा व्यासपीठावरून दिली आणि 'बॅरल'ची 'व्हाली' म्हणजे लाडकी झाली. माहेरी आलेल्या लेकीवर कोण हात उचलणार? त्यानंतर त्या किनाऱ्यावरच्या मच्छीमारांनी शेकडो व्हेल शार्क स्वतःची जाळी कापून सोडल्या. नुकसानभरपाई होती, हे खरं. पण नुसत्या पैशाने 'बॅरल'ची लेक होत नाही.

आपल्याकडे तर सगळं तयार आहे. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी जन्मली त्याच किनारपट्टीवर अंडी घालायला परत येते. माहेरपण आणखी वेगळं काय असतं? दक्षिण कोकणात ती साधारण नोव्हेंबरपासून येऊ लागते, आणि आमच्या जत्रा व दशावतारी नाटकंही कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास सुरू होतात. हंगाम एकच. शिवाय आडदशावतारात (मुख्य नाटकाआधीचा भाग, जो हल्ली पुष्कळदा गाळला जातो) वेद चोरून समुद्रात दडणारा संकासूर आहेच. काळा झगा, लांब लाल जीभ आणि अस्सल मालवणीत टवाळी. तो तुटक्या नायलॉनच्या जाळ्यात गुरफटून रंगमंचावर आला, तर वेगळं भाषण कशाला हवं?

एक भीती आहे. साहेबांनी लिहून दिलेलं प्रचारी नाटक झालं, की प्रेक्षक उठून जत्रेतलं गोड खाजं घ्यायला जातील. दशावतारात संवाद तिथल्या तिथे रचले जातात, ती सवय मोडू नये. त्यापेक्षा कलाकारांना एकदा पहाटे वायंगणीच्या किंवा तांबळडेगच्या वाळूत कासवांची घरटी राखणाऱ्या कासवमित्रांसोबत बसवावं. घरट्यावरची टोपली उचलली, की तळहातापेक्षा लहान, काळपट पिल्लं एकमेकांच्या पाठीवरून चढत लाटेकडे कशी निघतात, ते बघू द्यावं. पुढचं त्यांना शिकवावं लागणार नाही.

आणखी एक. जाळं कापून कासव, डॉल्फिन किंवा व्हेल शार्क सोडलं, तर राज्यातही 25 हजार रुपयांपर्यंत भरपाईची योजना 2018 पासून आहे. त्यासाठी फोटो किंवा व्हिडिओ लागतो. आमच्या बंदरावर मी विचारलं तेव्हा निम्म्या लोकांना हे ठाऊकच नव्हतं. संकासुराच्या तोंडून हे एका रात्रीत गावभर होईल.

तेव्हा यंदाचा निधी रंगाच्या डब्यांवर खर्च करण्याआधी, एखाद्या दशावतारी कंपनीच्या मालकाला बिदागी किती ते संबंधितांनी विचारून तरी पाहावं. पेंग्विन अजून भिंतीवर आहे, पोटाकडचा रंग तेवढा उडालाय.

आपला,
एक वाचक, वेंगुर्ले